‘दिल्ली क्राइम’, धरणगावची भिल्ल पलटण आणि राईनपाडा

खानदेशाविषयीच्या धाग्याची सुरुवात दिल्लीतल्या एका मालिकेने व्हावी, याचे काहींना नवल वाटेल. पण २६ ऑगस्ट २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘दिल्ली क्राइम’च्या दुसऱ्या पर्वाने जो प्रश्न विचारला आहे, त्याच्या उत्तराचा मोठा भाग धरणगाव, पिंपळनेर आणि सातपुड्याच्या घाटवाटांत पडलेला आहे. माणसाच्या जमातीवरून त्याचा गुन्हा ओळखता येतो का, हा तो प्रश्न. मालिका उत्तर ‘नाही’ असेच देते. मात्र ती ज्या वाटेने या उत्तरापर्यंत पोहोचते, त्या वाटेवर जुना समज बराचसा शाबूत राहतो. या धाग्याचा रोख त्या वाटेवर आहे. (ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी सावध असावे, पुढे रहस्यभेद आहे.)

कथानक थोडक्यात असे. दक्षिण दिल्लीतील सुखवस्तू वस्त्यांमध्ये वृद्ध दांपत्यांचे क्रूर खून होऊ लागतात. पद्धत ‘कच्छा-बनियन’ टोळीची आहे. मराठी वृत्तपत्रे जिला ‘चड्डी-बनियन गँग’ म्हणतात तीच ही. पोलीस उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी (शेफाली शाह) हिच्यावर तपासाचा भार येतो आणि एका विमुक्त जमातीच्या वस्तीवर धाड पडते. माणसे घाऊक प्रमाणात उचलली जातात. या जमातींचा ‘जाणकार’ म्हणून एका निवृत्त अधिकाऱ्याला सल्ल्यासाठी बोलावले जाते. पकडलेल्यांवरच गुन्हा ठेवून प्रकरण मिटवावे, असा दबावही येतो. शेवटी उघड होते ते असे की खुनी त्या जमातीचे नव्हतेच. त्यांनी टोळीच्या पद्धतीची नक्कल केली होती, कारण संशय कोणाकडे जाईल हे त्यांना ठाऊक होते.

या मांडणीचे श्रेय नाकारता येणार नाही. माजी पोलीस आयुक्त नीरज कुमार यांच्या ‘खाकी फाइल्स’ या पुस्तकातील एका प्रकरणावर आधारलेल्या पोलीसकथेने, पोलिसांचाच पूर्वग्रह कथेच्या मध्यभागी आणून ठेवावा, ही साधी गोष्ट नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे नाव लाखो तरुण प्रेक्षकांनी पहिल्यांदा ऐकले ते बहुधा या मालिकेतच. शालेय पाठ्यपुस्तकांतून आठवणीत राहण्याइतकी जागा त्या कायद्याला क्वचितच मिळाली आहे.

अडचण आहे ती युक्तिवादाच्या बांधणीत. मालिका जमातीला निर्दोष ठरवते ते खरा खुनी सापडल्यामुळे. समजा, खुनी त्या जमातीतलाच निघाला असता. मग वस्तीवरची ती धाड योग्य ठरली असती काय? एका माणसाचा गुन्हा हा शेकडो माणसांना उचलण्याचा परवाना होतो काय? मालिका हा प्रश्न टाळते, कारण रहस्यकथेत निर्दोषत्व ही शेवटच्या भागात सिद्ध करण्याची बाब असते. ब्राह्मण, मराठा, लेवा पाटीदार किंवा मारवाडी समाजातील एखादा माणूस खुनी निघाला, तर त्या समाजाला निर्दोष ठरवण्यासाठी अख्ख्या पर्वाचे कथानक रचावे लागत नाही. ज्यांच्या बाबतीत ते रचावे लागते, त्यांच्यावरचा संशय आधीच गृहीत धरलेला असतो.

दुसरी अडचण त्या निवृत्त ‘जाणकारा’ची. मालिकेने त्याला पूर्वग्रहदूषित दाखवले आहे, हे खरे. तरी असा जाणकार येतो कुठून, याचा पत्ता मालिका देत नाही. तिच्या मते सगळे १८७१ पासून सुरू होते. वास्तविक कायदा हा या गोष्टीचा उत्तरार्ध. जमातीचा स्वभाव जाणणारा आणि त्या जाणकारीच्या बळावर तिच्यावर हुकूमत चालवणारा अधिकारी त्याआधीच घडला होता. तो जिथे घडला अशा मोजक्या ठिकाणांपैकी एक म्हणजे खानदेश.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. त्याआधीच्या दोन दशकांत या मुलुखाने शिंदे-होळकरांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ सोसला होता. गावेच्या गावे ओस पडली होती. भिल्ल हे या व्यवस्थेचे बाहेरचे लोक नव्हते. अनेक गावांत ते जागले होते. गावाची राखण, चोरांचा माग काढणे, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे ही त्यांची कामे होती. त्याबद्दल त्यांना गावाकडून हक्काचे उत्पन्न मिळे. डोंगरातील नाईक घाटवाटा सांभाळत आणि त्याचा मोबदला घेत. गाव उजाडले, घाटवाटेची रहदारी थांबली की हे हक्क बुडत. बुडालेला हक्क वसूल करण्यासाठी जे होई, त्याला सरकारी दप्तरात एकच शब्द होता, दरोडा.

शिक्का इंग्रजांनीच मारला असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. पेशव्यांचा खानदेशातील सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भिल्लांना विश्वासाने कोपरगावी बोलावून त्यांची कत्तल केली होती. शरण आलेल्याला अभय द्यावे, हा ज्या राजवटीचा लौकिक, तिनेही भिल्लांच्या बाबतीत तो पाळला नाही. ऐतिहासिक मालिकांना पेशवाईचे वैभव दाखवताना कोपरगाव सहसा आठवत नाही, हे येथे नोंदवून ठेवलेले बरे.

कंपनीनेही आरंभी बळाचाच वापर केला. सात वर्षे फौजा डोंगरात हिंडल्या, नाईक पकडले गेले, काहींना फाशी झाली. उठाव थांबले नाहीत. तेव्हा १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. दक्षिणेला कन्नड-चाळीसगावच्या बाजूला एक, वायव्येला नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर या भागासाठी दुसरी, ईशान्येला तिसरी. या तिसऱ्या भागात, आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे, जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली. हाच औट्रम पुढे १८५७ मध्ये लखनौच्या लढाईमुळे इंग्लंडात नावाजला.

औट्रमची रीत निराळी होती. त्याने भिल्लांबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, त्यांच्यात ऊठबस ठेवली आणि जे काल ‘लुटारू’ म्हणून नोंदले गेले होते त्यांच्या अंगावर सरकारी गणवेश चढवला. एजन्सीने शेतीसाठी जमीन, बैल आणि तगाई दिली. त्या काळातील एवढी सौम्य उपाययोजना दुर्मीळच. म्हणून तिचे कौतुक आजही होते आणि ते सर्वस्वी अनाठायी नाही.

मात्र या प्रयोगातून एक विचित्र गोष्ट निष्पन्न झाली. भिल्लाची दोन चित्रे तयार झाली आणि दोन्ही एकाच लेखणीने काढली. एक डोंगरातला क्रूर दरोडेखोर. दुसरा धन्यासाठी जीव देणारा भोळा, इमानी शिपाई. दोन्ही चित्रांत जे नाही ते पाहावे. हक्क बुडालेला जागला नाही. हिशेब मागणारा नाईक नाही. १८४३ मध्ये कॅप्टन ग्रॅहम या अधिकाऱ्याने खानदेशातील भिल्लांवर इतिहासवजा टिपण लिहिले. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरात तर प्रत्येक जमातीचा बांधा, रंग, स्वभाव आणि व्यसने यांची नोंद एखाद्या जनावरांच्या बाजारात लिहावी तशी आली. ‘दिल्ली क्राइम’मधील जाणकार ज्या सुरात जमातीचे गुणधर्म सांगतो, तो सूर या ग्रंथांचा आहे. गॅझेटिअर वाचलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

या दोन चित्रांना छेद देणारा माणूस सेंधव्याच्या घाटात उभा होता. काजरसिंग ऊर्फ खाज्या नाईक हा त्या घाटवाटेच्या रखवालीवर नेमलेला कंपनीचाच नोकर. १८५७ मध्ये त्याने बंड पुकारले आणि सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. बंड मोडायला गेलेल्या फौजेत भिल्ल पलटणही होती. म्हणजे डोंगरात दोन्ही बाजूंना भिल्ल होते. एकाला दप्तराने ‘इमानी’ म्हटले, दुसऱ्याला ‘दरोडेखोर’. जमातीच्या रक्तातच गुन्हा असेल तर त्या दिवशी तो नेमका कोणाच्या रक्तात होता, हे सांगणे त्या काळच्या कोणाही जाणकाराला कठीण गेले असते.

यानंतर तेरा वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. व्हाइसरॉयच्या मंडळातील विधिसदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याची विचारसरणी सरळ होती. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार. जातिव्यवस्थेचे इतके सोपे आकलन करून घ्यायला फारसे कष्ट पडले नसावेत. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्वत्र त्याचा अंमल शक्य झाला. नोंद झालेल्या जमातीतील माणसाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गाव सोडण्यापूर्वी परवाना घ्यावा लागे. सोलापूरला तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण तोवर ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले होते आणि पोलीस ठाण्यांच्या वह्यांत तीच नावे पुन्हा उतरली.

या सवयीचे आयुष्य किती दीर्घ आहे, हे पाहायचे तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि तुरुंग नियमावल्यांतील विमुक्त जमातींविषयीच्या, त्यांना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही रद्द ठरवल्या. १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी.

खानदेशात या शब्दाने स्वातंत्र्यानंतरही काम केले. मे १९७१ मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, पाटीलवाडी येथे, दुष्काळाने गांजलेले भिल्ल मजूर धान्य मागायला गेले. नकारानंतर धान्य उचलले गेले आणि जमीनमालकांच्या बाजूने गोळ्या झाडल्या गेल्या. एक जण ठार झाला. गोळ्या झाडणाऱ्यांच्या बाजूने सांगितली गेलेली हकीकत होती दरोड्याची. ज्या जमिनीवर सालदार म्हणून राबायचे ती आपल्याच आजोबांच्या हातून सावकाराकडे गेलेली, ही भिल्लांची बाजू ऐकू येण्यासाठी अंबरसिंग महाराजांची चळवळ आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांची वाट पाहावी लागली. ‘दरोडेखोर’ हा शब्द उच्चारला की मागचा सगळा हिशेब बंद होतो, ही सोय १८२० च्या दशकात होती तशीच १९७१ मध्येही होती.

आता राईनपाडा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पिंपळनेरजवळ, आदिवासी पट्ट्यातले हे गाव. १८२५ च्या वायव्य भिल्ल एजन्सीचा हाच टापू. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. त्यांच्यातील एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. जमाव गोळा झाला. पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेण्यात आले आणि तिथे ते मरेपर्यंत मारण्यात आले.

डवरी गोसावी हा डौर वाजवून भिक्षा मागणारा समाज. गुन्हेगार जमातींच्या यादीशी त्याचा संबंध नव्हता. महाराष्ट्रात तो भटक्या जमातींत मोडतो. पण पूर्वग्रह यादी पाहून चालत नाही. पाल ठोकून राहणारा, अनोळखी बोलीचा, मळक्या झोळीचा माणूस दिसला की मनात एक ठसा जागा होतो आणि त्या ठशाला जमातींचे बारकावे कळत नाहीत. त्याहून कडवट गोष्ट अशी की मारणारा जमाव आदिवासी भागातला होता. ज्यांच्या पूर्वजांना ‘पाहताक्षणी संशयित’ ठरवले गेले, त्यांच्याच मुलुखात तोच साचा दुसऱ्या दुबळ्यांवर वापरला गेला. याचा अर्थ आदिवासींना दूषण देणे असा नाही. त्या उन्हाळ्यात अफवेने देशाच्या अनेक राज्यांत बळी घेतले. त्याच सुमारास मालेगावातही जमावाने एका कुटुंबातील पाच जणांना घेरले होते. ते वाचले ते त्यांना आसरा मिळाला आणि पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून.

राईनपाड्याला ‘दिल्ली क्राइम’ जबाबदार आहे, असा दावा कोणी करू नये. मालिकेचे हे पर्व चार वर्षांनंतरचे. उलट प्रश्न असा आहे की राईनपाडा घडून गेल्यानंतर विमुक्त-भटक्यांवर मालिका काढणाऱ्यांना काय नवे दाखवता आले असते. उत्तर फार दूर नाही. मराठीत ते चाळीस वर्षांपूर्वी लिहिले गेले आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’मध्ये चोरी लपवलेली नाही, हे त्या पुस्तकाचे मोठेपण. चोरी करणारी माणसे तिथे आहेत, आणि ती का करतात, पोलिसाला हप्ता कसा जातो, शाळेत घातलेल्या पोराला शिवण्यावरून काय होते, हे सगळे आहे. तिथे कोणीही निर्दोष सिद्ध होण्याची वाट पाहत नाही. माणूस चोर असूनही माणूस राहतो. ‘दिल्ली क्राइम’ला एवढे साधले नाही, तिला जमात निष्कलंक दाखवावी लागली, तेव्हाच तिच्याविषयी सहानुभूती मागता आली.

काही जण म्हणतील की पोलीसकथेकडून ही अपेक्षा अवाजवी आहे. पोलीसकथा पोलिसांच्याच नजरेने सांगितली जाणार. हा आक्षेप ऐकण्यासारखा आहे, पण त्याचाही इतिहास आहे. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर याची ठगावरची कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि गाजली. तिची रचना अशी की पकडलेला ठग आपली कहाणी सांगतो आणि गोरा अधिकारी ती ऐकतो. ठग प्रथमपुरुषी बोलतो खरा, पण कोणत्या खोलीत आणि कोणासमोर, हे ठरवणारा अधिकारी असतो. कोठडीतली चौकशी हा प्रसंग आजच्या प्रत्येक गुन्हेमालिकेत असतो आणि विमुक्त जमातीच्या माणसाला पडद्यावर बोलायला मिळते ते बहुधा तिथेच. पालावर, बाजारात, मुलाच्या शाळेच्या दारात तो बोलताना दिसत नाही.

या दुसऱ्या पर्वातील धाडीचा प्रसंग पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहावा. कॅमेरा वस्तीत शिरतो तो पोलिसांबरोबर. आरडाओरडा, पळापळ, ओढून काढलेली माणसे, आणि पोलिसांबरोबरच तो बाहेर पडतो. गाड्या गेल्यानंतर वस्तीत काय उरले, रात्री चूल पेटली की नाही, पोरे कोणाजवळ झोपली, हे कळत नाही. वर्तिकाच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता मात्र जवळून दिसते. शेफाली शाह यांचा अभिनय उत्कृष्ट आहे, म्हणूनच प्रेक्षकाची करुणा वस्तीऐवजी तिच्याकडे वळते.

राईनपाड्यातही कॅमेरे होते. मारहाण सुरू असताना जमावातील काहींनी मोबाइलवर तिचे चित्रण केले, आणि ते चित्रण त्याच दिवशी मोबाइलवरून फिरू लागले. पुढे त्याच चित्रफितींवरून पोलिसांनी मारणाऱ्यांची ओळख पटवायला सुरुवात केली.